भोंग्याच्या गाडीचा फ्यूज

वडश्यात आजही कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली, की बघ्यांमधला एखादा दात काढून विचारतो, "त्या मिस्त्र्यापासून तं वायरिंग नोती ना केली?" आणि बाकीचे हसतात. तो मिस्त्री म्हणजे माझा मोठा भाऊ. हे वाक्य कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाजी घेत असले तर पिशवी तिथंच ठेवते आणि त्या माणसाला विचारते, "तुम्ही पाह्यली होती का ती वायरिंग? नाई ना? मंग बोलता कायले?" माणूस गडबडतो, "बाई, गमतीनं म्हटलं" म्हणतो. आमच्याकडे एका माणसाचं नाव असं गमतीनं मातीत जातं, आणि घालवणाऱ्याला त्याच दिवशी जेवण गोड लागतं.

म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे. तोंडानं सांगून पाहिलं, त्याचं काय झालं तेही पुढे येईलच.

आमचे बाबा रेल्वेत होते. भावानं मात्र नागपूरला एका गॅरेजात सहा वर्षं हात काळे केले आणि परत येऊन फाटकाजवळ टिनाच्या शेडमध्ये गाड्यांच्या बिजलीचं दुकान टाकलं. इतर मिस्त्री करतात ती कामं तो करायचाच, पण त्याचं खरं प्रेम वेगळ्या कामावर होतं. गाडीत जास्तीची वीज आणायची असेल, म्हणजे मागं दुसरी बॅटरी बसवून त्यावर भोंगा, फ्रिजचा डबा, फवाऱ्याची मोटर असं काही चालवायचं असेल, तर त्या कामात तो देहभान विसरायचा. आधी कागद घेऊन बसायचा. काय चालवणार, किती वेळ चालवणार, इंजिन सुरू असताना की बंद असताना? गिऱ्हाईक वैतागायचं. "भाऊ, तुले तार ओढाले सांगतली का साडीचा पदर विणाले?" बसस्टँडजवळचा मिस्त्री हेच काम चहा थंड व्हायच्या आत करून द्यायचा. बॅटरीच्या बोल्टला तार गुंडाळली, खिडकीतून आत घेतली, झालं. लोक त्याला हुशार म्हणायचे आणि माझ्या भावाला भित्रा. भित्रा! गाडीत बसणाऱ्याचा जीव ज्याला दिसतो तो भित्रा, आणि ज्याला फक्त गिऱ्हाईक दिसतं तो हुशार.

भाऊ एक वाक्य नेहमी म्हणायचा, "फ्यूज मशीनसाठी नसते, तारेसाठी असते." मी हे इतक्यांदा ऐकलं होतं, की घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते मला ऐकूच येईनासं झालं होतं.

बी.एड. करून मी दोन वर्षं घरी बसले होते. जागा निघत नव्हत्या, आणि निघाल्या त्या मला मिळाल्या नव्हत्या. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. गावोगावी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, कुठं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, आणि रात्री नाटक. नाटक कंपन्यांची ऑफिसं सारी वडश्यात, एकाला एक लागून. ज्या गावात नाटक त्या गावात आणि आजूबाजूच्या दहा गावांत दिवसा भोंग्याची गाडी फिरते. आता बहुतेक जण रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. पण एका कंपनीच्या मॅनेजरला वाटलं, की बाईचा आवाज हवा आणि तोही जिवंत. गाडी ज्या गावात शिरेल त्या गावाचं नाव घ्यायचं, पाटलाच्या पारावर कोणी म्हातारं बसलेलं दिसलं तर त्याला रामराम-जयभीम करायचा, लेकुरवाळ्या बाईला म्हणायचं, "ताई, लेकराले झोपवूनच या." आवाज माझा चांगला. मी हो म्हटलं. मॅनेजर स्वतःच गाडी चालवायचा, मी शेजारच्या सीटवर माइक घेऊन. माझी ही सोबत पाहून आईनं आठ दिवस नाक मुरडलं, नंतर तीच शेजारणींना माझ्या अनाउन्समेंटची नक्कल करून दाखवू लागली.

ती जुनी जीप वायरिंगसाठी भावाकडे आली ती माझ्याच शब्दावर. त्यानं दोन दिवस घेतले. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि मगच हात घातला. दुसरी बॅटरी पाणी न टाकायची, बंद जातीची घेतली, कारण माणसं बसतात तिथं आम्लाची वाफ नको. ती मागच्या बाजूला लोखंडी चौकटीत बसवून पट्ट्यानं अशी आवळली, की गाडी खड्ड्यात उडाली तरी ती जागची हलू नये. पुढच्या बॅटरीतून मागच्या बॅटरीकडे एक जाड तार नेली. मध्ये रिले, म्हणजे इंजिन सुरू असेल तरच मागची बॅटरी चार्ज होणार, आणि बंद गाडीत भोंगा कितीही वाजला तरी पुढची बॅटरी शाबूत राहणार. मॅनेजरनं विचारलं, "इतकं काऊन पायजे?" भाऊ म्हणाला, "जंगलात सेल्फ नाई मारला तं धक्का माराले वाघ येईन का?" तार पत्र्यातून जाते तिथं त्यानं भोकाला रबराची कडी बसवली. तारेवर नळी चढवली. आणि बॅटऱ्या दोन म्हणून फ्यूजही दोन, एक बोनटमध्ये पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर, एक मागच्या बॅटरीजवळ. बोनटच्या आत एका डबीत दोन जास्तीचे फ्यूज चिकटवून ठेवले आणि मॅनेजरला म्हणाला, "यावर भोंगा आन् त्याची आवाजाची मशीन, बस. अजून काई लावायचं असन तं मले सांगजा. तार बदलाव लागते."

मॅनेजरनं मान डोलावली. ती मान मला अजून दिसते आणि अजून चीड येते.

पंधरा दिवसांतच त्यानं गाडीच्या टपावर नटनट्यांच्या फोटोंचा लायटिंगचा बोर्ड चढवला. त्याला घरगुती वीज लागायची म्हणून बाजारातून एक इन्व्हर्टर आणला, तो माझ्या सीटखाली सरकवला, आणि भावाच्या जाड तारेला मध्येच सोलून त्याला जोड दिला. जोड द्यायला तार पुरेना, म्हणून नळीतून ओढून ती सीटच्या रुळाखालून घेतली. भावाला सांगायचं तर तो पुन्हा कागद घेऊन बसेल, दोन दिवस जातील! मी हे पाहत होते. मीही बोलले नाही. बोर्डावर खाली माझंही नाव आलं होतं ना, 'आवाज' म्हणून. मला तो बोर्ड फार आवडला होता.

मग फ्यूज जायला लागला. हिशेब सरळ होता. बोर्ड मागची बॅटरी रिकामी करायचा, आणि गाडी सुरू होताच ती रिकामी बॅटरी दुष्काळातून आल्यासारखी पुढून करंट ओढायची. बोनटमधला फ्यूज बरोबर आपलं काम करायचा आणि जायचा, मग मागची बॅटरी रिकामीच राहायची आणि भोंगा बंद पडायचा. डबीतला एक संपला, दुसराही संपला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा आम्ही कुरखेड्याकडच्या एका गावात होतो. संध्याकाळी तिथंच नाटक. भोंगा गप्प. दुसऱ्या कंपनीची गाडी नुकतीच धुरळा उडवत गेली होती. भावाला फोन लावला तर रेंज नाही. गावातल्या एकुलत्या एक दुकानात बिडी-काडीपासून बांगड्यांपर्यंत सगळं होतं, फ्यूज नव्हता.

मॅनेजर कपाळ धरून बसला. आणि मी म्हणाले, "थांबा."

आमच्याकडे घरचा फ्यूज गेला तर कोणी मिस्त्री बोलावत नाही. जुन्या वायरचं कातडं सोलायचं, आतल्या तांब्याच्या केसासारख्या तारांतली एक घ्यायची, फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेत, किटकॅटमध्ये, पिळून लावायची. परत गेला तर दोन तारा लावायच्या. मग जात नाही. बाबा हेच करायचे, शेजारी हेच करतात, अख्खा मोहल्ला हेच करतो, आणि ज्याचा फ्यूज कधीच जात नाही त्याच्या घराची बिजली मजबूत समजली जाते. मी गाडीचा गेलेला फ्यूज काढला, त्याच्या दोन्ही पायांना तांब्याच्या चार तारा गुंडाळल्या आणि परत खोचला. चार! एक नाही, दोन नाही. भोंगा खरखरला आणि बोलायला लागला. मॅनेजर खूष होऊन म्हणाला, "बाई, तुमच्या भावापेक्षा तुम्हीच पक्क्या मिस्त्री."

हे ऐकून मी हसले. भावाला कमी लेखलेलं ऐकून हसले आणि वर दिवसभर फुशारले. त्यानंतरचे अकरा दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. भावाला सांगायचं रोज ठरवायचे. मग वाटायचं, रागावेल. मग वाटायचं, चाललंय ना नीट, हंगाम संपला की सांगू.

बाराव्या दिवशी भर दुपारी आम्ही आरमोरी ओलांडून एका गावाच्या गल्लीत शिरलो. इंजिन सुरू, बोर्ड सुरू, माझं तोंड सुरू. रबर जळल्याचा वास आला. मला वाटलं बाहेरून कुठून टायर जाळल्याचा येतो आहे, म्हणून मी बोलतच राहिले. मग मांडीखाली चटका बसला आणि दोन्ही सीटच्या मधून काळा धूर वर आला. सीट मागंपुढं सरकताना रुळाची धार रोज थोडी थोडी तार कापत होती. त्या दिवशी तांबं लोखंडाला टेकलं, आणि ती अख्खी तार पुढच्या बॅटरीपासून माझ्या सीटपर्यंत चुलीतल्या सळईसारखी लाल झाली. मी किंचाळले. हातातला माइक सुरू होता. माझी किंकाळी टपावरच्या भोंग्यांतून साऱ्या गावानं ऐकली, आणि लोक ओट्यांवर बसून हसत राहिले. नाटकातलाच डायलॉग असन, असं त्यांना वाटलं. दोघांनी तर टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. माझी ओढणी पेटली होती, ती त्यानं पायानं विझवली. मग बोनट उघडून तार उपटायला गेला आणि त्याच्या उजव्या तळव्याची कातडी तारेलाच राहिली. हे त्यानं केलं, हे मी कधीच नाकारलं नाही आणि नाकारणार नाही. तोवर लोकांना कळलं होतं, बाया घमेल्यांतून रेती घेऊन धावल्या. जीपचा पुढचा अर्धा भाग जळाला. मागचा वाचला.

संध्याकाळपर्यंत वडश्यात निकाल लागला होता. कोणी गाडी पाहिली नाही, कोणाला विचारलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोन दिवस तार विणत होता, पाहा काय विणलं. बसस्टँडजवळच्या मिस्त्र्यानं म्हणे सांगितलं, की जास्त शहाणपण केलं की असंच होते. ज्याच्या कामात फ्यूज नावाची वस्तूच नसते तो हे सांगतो आणि लोक मान डोलावतात! तिसऱ्या दिवशी भावाच्या शेडमधून दोन गाड्या मालकांनी अर्धवट काम सोडून ओढून नेल्या.

आणि मी? मी चार दिवस गप्प होते. मांडीवर फोड होते, अंगात ताप होता, ही कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण ती नव्हती. संध्याकाळी आई घरात पंचशील म्हणते, तिच्या मागून मीही म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. चारही दिवस मी ते खणखणीत आवाजात म्हटलं. मी खोटं कुठं बोलत होते, मी तर बोलतच नव्हते. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावू शकतो, हे त्या चार दिवसांत मी पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली.

पाचव्या दिवशी सकाळी कंपनीच्या मालकानं भावाला ऑफिसात बोलावलं. मी मागोमाग गेले. मालक, हाताला पट्टी बांधलेला मॅनेजर, शेजारच्या कंपन्यांचे तीन-चार लोक, दारात चहावाला. भाऊ उभा. त्याला खुर्ची कोणी दिली नव्हती. मालक म्हणाला, "तुह्या हातानं माह्या कंपनीची बाई जळली असती, समजते का?" मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. बोर्ड, इन्व्हर्टर, सीटचा रूळ, चार तारा. "फ्यूज माह्या हातानं बाद झाला. भावानं लावलेला तसाच ठेवला असता तं तार टेकताच तो उडाला असता, गाडीले काईच झालं नसतं."

मग मालक हसला. चांगल्या मनानं हसला, हेच वाईट. "बाई, भावाची माया समजते आमाले. पण असं आपल्यावर घेऊ नोको."

मी म्हटलं, "याईले विचारा. हे समोर होते." आणि मॅनेजरकडे पाहिलं. मालकाला बोर्ड हवाच होता, पण तारेला जोड कोणी दिला हे मालकाला माहीत नव्हतं. ते आज कळलं असतं तर मॅनेजरची नोकरी गेली असती. त्यानं पट्टीच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईले बिजलीतलं का समजते? माइक सुरू कराचा असला तरी मले हाक माराच्या."

दोन-अडीच आठवड्यांपूर्वी हाच माणूस मला पक्की मिस्त्री म्हणाला होता!

माझं डोकं फिरलं. भावाच्या दुकानातून मी येताना एक फ्यूज आणि वायरचा तुकडा घेऊन आले होते. सगळ्यांसमोर वायर सोलली, चार तारा काढल्या, फ्यूजच्या पायांना गुंडाळून टेबलावर ठेवला. "हे असं केलं. आता तुमच्या जीपच्या मागं जाऊन पाहा. मागच्या बॅटरीजवळचा फ्यूज भावानं लावला तसाच होता, तो बरोबर उडाला आहे, मी येतानाच पाह्यलं. म्हणून मागची बाजू वाचली. ज्याले मी हात लावला तोच नाई उडाला." याहून साफ पुरावा आणखी काय असतो? गाडी ऑफिसच्या अंगणात उभी होती, वीस पावलांवर. एकही माणूस उठला नाही. त्यांच्यातला एक जण तो फ्यूज हातात फिरवत म्हणाला, "भावानं मस्त शिकवून आणलं." आणि चहावाल्यासकट सगळे हसले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण सहज वापरतो. इथं चोर स्वतः उभा राहून ओरडत होता की चोर मी आहे, आणि लोक त्याला सांगत होते की बाईच्या जातीला चोरी जमत नाही. मी बी.एड. शिकलेली, भौतिकशास्त्र शिकवायला निघालेली. माझ्या हातून चार तारा गुंडाळल्या जाऊ शकतात एवढाही भरवसा त्यांचा माझ्यावर नव्हता. अपराध करण्याइतकीही अक्कल त्यांनी मला दिली नाही. त्या रागावर मी, पुढं शाळेत लागल्यापासून गेली बारा वर्षं, नववी-दहावीच्या पोरींकडून वर्गात फ्यूज लावून घेते आहे, प्रत्येकीच्या हातानं.

आम्ही बाहेर पडलो. भाऊ सायकल हातात धरून चालत होता, मी बाजूनं. मी तावातावानं बोलत होते, मालकाला, मॅनेजरला, वडश्याला शिव्या देत होते. तसेच शेडपर्यंत आलो. शेवटी मीच त्याच्यावर उखडले. "तू काऊन नाई बोलला? मागचा फ्यूज तुले माहीत होता. पुढचा तू पाह्यला असन. बोलला असता तं तुह्यं तरी आयकलं असतं!"

तो म्हणाला, "पाह्यला. पहिल्याच दिवशी. त्या तारा पाह्यल्या आन् समजलं, घरचंच काम आहे."

"मंग?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं लोक त्याला भित्रा म्हणत आले, तो कधी चिडला नव्हता. तेव्हा मात्र तो चिडला. "लोक का म्हणते ते जाऊ दे. ती तार तुह्या सीटपाशून जाऊन राह्यली होती. म्या दोन दिवस कायले लावले होते? जीपसाठी? तू बसणार होती म्हणून लावले. आन् तूच काढलं."

एवढं बोलून तो शेडमध्ये गेला आणि एका स्कूटरचा हॉर्न उघडून बसला.

बसस्टँडजवळच्या मिस्त्र्याशी तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलला, मी पाहिलं. मॅनेजरच्या घरी जाऊन त्याच्या हाताची चौकशी करून आला. हसणाऱ्या सगळ्यांशी बोलला, हळूहळू त्यांच्या गाड्याही परत शेडमध्ये आल्या. माझ्याशी आठ महिने बोलला नाही. एका घरात, एका ताटलीतली भाकरी वाढून घेत, आठ महिने. मला ऊठसूट सगळ्यांचा राग येतो, हे तुम्ही पाहिलंच. त्या आठ महिन्यांचा मात्र एक दिवसही राग आला नाही.